क्षेमगढ, मार्फत डबीर टायपिंग

बारा टाइपरायटर एका खोलीत एकदम चालत असले की माणूस बोलणं सोडून देतो, कारण आवाज पोचतच नाही. जे घडतं ते सगळं मनात साठत जातं आणि मशिनी बंद झाल्या की एकदम बाहेर येतं. माझं तसंच झालंय. डबीर सरांचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि घरचे एकमेकांकडे बघून म्हणतात, झालं, ही निघाली क्षेमगढला.

म्हणून आधी क्षेमगढ काय ते सांगते.

उज्जैनला फ्रीगंजात, टावर चौकापासून चार दुकानं पुढे, एका कापडाच्या दुकानाच्या वर डबीर सरांचा टायपिंगचा क्लास होता. सरांचे पूर्वज कुठल्याशा दरबारात पत्रं लिहायचे. सरांनी स्वतः सरकारी नोकरी कधी केली नाही, पण सरकारी पत्र कसं असावं, कुठे 'उपरोक्त' आणि कुठे 'तदनुसार', हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला येत नव्हतं.

ते दिवस असे होते की पेपरात रोज एखाद्या नव्या कंपनीची जाहिरात यायची आणि आमच्या गावात रोज काहीतरी जुनं बंद व्हायचं. सरकारी भरतीवर रोक लागली होती. ती उठेल तेव्हा हिंदी टायपिंगचं सर्टिफिकेट हातात हवं, आणि ती उठेपर्यंत आपलं वय निघून जायला नको, एवढ्या दोनच काळज्या घेऊन आम्ही तिथे येत होतो. मी बी. ए. होऊन घरी बसले होते. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मी माझं वय मोजायची.

सरांची अडचण वेगळी होती. पुस्तकातले उतारे मुलांना पाठ झाले होते. कागदाकडे न बघता ती धडाधड टाइप करायची, आणि सर म्हणायचे की हा बोटांचा स्पीड नाही, पाठांतराचा आहे. म्हणून ते रोज सकाळी एक नवीन सरकारी पत्र स्वतः लिहायला लागले. पत्र लिहायचं तर ते कुठल्यातरी दफ्तरातून निघायला हवं, आणि खऱ्या दफ्तराचं नाव वापरणं सरांना बरं वाटेना. त्यातून क्षेमगढ निघालं. हेच नाव का, तर हिंदी मशीनवर 'क्ष' आणि 'ढ' दोन्ही शिफ्ट दाबून येतात आणि मुलं तिथेच अडखळतात.

बाकीचं शहर पत्रापत्राने वसत गेलं. ज्या राणीने ते वसवलं तिला दुसऱ्या एका शहराच्या फाटकावरून सूर्यास्तानंतर परत पाठवलं होतं, म्हणून क्षेमगढला कमानी होत्या पण फाटकं नव्हती. सात मोहल्ले होते. कागदीपुऱ्यात कागद बनायचा, दीपकगलीत रात्रभर दिवे असायचे, नावघाटावर नदी वर्षातून एक दिवस उलटी वाहायची. प्रत्येक मोहल्ल्याचा एक पंच. राणी गेल्यावर तिच्या गादीवर कुणाला बसवलं नव्हतं. गादी रिकामी ठेवून सात पंच कारभार बघत होते, आणि प्रत्येक आदेशाच्या शेवटी लिहिलेलं असायचं, 'रिक्त गद्दी के आदेशानुसार'.

ही ओळ आम्ही दिवसातून दहा वेळा टाइप करायचो. आणि तिनेच पहिला घोळ केला.

* * *

रेखा माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. पंड्यांची मुलगी, हुशार, पण परीक्षा म्हटलं की हात बर्फासारखे गार पडायचे. बोर्डाच्या परीक्षेत तिला सिंचाई खात्याचं एक पत्र आलं. तिने ते वेळेच्या आधी संपवलं. पत्राच्या शेवटी असतं तसं 'राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार' होतं. रेखाच्या बोटांनी तिला न विचारता 'रिक्त गद्दी के आदेशानुसार' टाइप केलं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा कागद जमा झाला होता.

पुढचे दोन महिने तिने फार वाईट काढले. तिच्या लग्नाचं घरी चाललं होतं, आणि पास झालीस तर नोकरीची वाट बघू, नाहीतर नाही, असं वडिलांनी सांगितलेलं. ती रोज मला विचारायची की परीक्षकांची ती ओळ वाचायची राहून जाईल ना. मी हो म्हणायची. सरांना तर तिच्याकडे बघवत नसे. चूक आपली आहे असं ते म्हणायचे, आणि खरंच त्यांचीच होती.

रिझल्ट लागला. रेखा चांगल्या मार्कांनी पास.

पुढे एका लग्नात सरांना त्या परीक्षेचे एक परीक्षक भेटले. जेवताना ते स्वतःच म्हणाले की यंदा एका परीक्षार्थीने गमतीची चूक केली होती. सरांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी भीत भीत विचारलं, मार्क कापले का?

परीक्षक म्हणाले, "काटने वाला था. फिर उस दिन का अख़बार याद आया, मुख्यमंत्री की कुर्सी ख़ाली पड़ी थी. सोचा, लड़की ने ग़लत क्या लिखा है?"

* * *

दिनेश हा आमच्यातला सगळ्यात शांत. त्याचे वडील मिलमध्ये होते आणि मिल बंद होती. तरी ते रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या फाटकाशी जाऊन बसायचे आणि भोंग्याच्या वेळेला घरी यायचे. भोंगाही बंदच होता, पण त्यांना वेळ कळायची.

एक दिवस क्षेमगढच्या पत्रात आलं की घंटाघराचे लिपिक श्री रामरतन यांना तत्काल प्रभावाने निलंबित करण्यात येत आहे. एका पहाटे घंटा वाजली नव्हती, त्यामुळे दीपकगली दुपारपर्यंत झोपून राहिली आणि दिवे भर उन्हात जळत राहिले. आम्ही हसलो. दिनेशचं मशीन थांबलं. त्याने सरांना जाऊन विचारलं की रामरतनच्या घरी कोण कोण आहे.

सरांनी जरा विचार करून सांगितलं, "बायको आणि दोन मुली."

तिथून दिनेश बिघडला. रोज आला की आधी त्या दिवसाचं पत्र वाचायचा. कधी चौकशीची तारीख पुढे गेलेली असायची, कधी साक्षीदार आजारी. दिनेशचा स्पीड बत्तीसवरून वीसवर आला. रेखाने आणि मी सरांना सांगितलं की बस झालं, त्याला कामावर घ्या. सर गंभीरपणे म्हणाले की मी कोण घेणारा, फाइल चालू आहे. मला तेव्हा सरांचा राग आला होता. आता वाटतं, दिनेशला खोटा दिलासा दिला असता तर तो त्याला पटला नसता.

शेवटी आम्ही बारा जणांनी ज्ञापन, म्हणजे निवेदन, दिलं. व्यवस्थित, विषय आणि संदर्भ घालून, सगळ्यांच्या सह्या. सरांनी ते घेतलं, त्यावर आवक नंबर टाकला आणि दिनेशला पावती दिली. दोन आठवड्यांनी आदेश आला. श्री रामरतन बहाल, म्हणजे परत कामावर, आणि निलंबनाचा काळ कर्तव्याचा काळ मानण्यात यावा.

दिनेशने तो आदेश एकही चूक न करता टाइप केला, आणि एक प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की वडिलांनी त्याच्याकडून ती दोनदा वाचून घेतली.  झोपायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"वहाँ मिल है क्या?"

* * *

आता माझ्यावर आलेला प्रसंग.

नियुक्तीचा आदेश टाइप करताना नाव स्वतःचं घालायचं, असा सरांचा नियम होता. स्वतःचं नाव असलं की माणूस फॉर्मॅट विसरत नाही, असं त्यांचं मत. त्याप्रमाणे कु. वैजयंती यांना नगर परिषद, क्षेमगढ येथे निम्न श्रेणी लिपिक या पदावर नियुक्त करण्यात येत आहे, पंधरा दिवसांत हजर व्हावं, असं मी स्वच्छ टाइप केलं. बिनचूक कागदावर सर जांभळा गोल शिक्का मारायचे. तो मारला. मी कागद पिशवीत टाकला आणि विसरले.

बाबा शाळेतून रिटायर झालेले. माझ्या नोकरीसाठी त्यांनी कुणाकुणाला पत्रं लिहिली होती आणि कुणाचं उत्तर आलं की नाही हे ते मला सांगत नसत. त्या दुपारी मी झोपले होते. त्यांना पेन हवं होतं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला.

मी उठले तेव्हा शेजारच्या पाठककाकू दारात उभ्या होत्या आणि माझं अभिनंदन करत होत्या. आई देवापुढे बसली होती. बाबा घरात नव्हते. मला वाटलं, खरंच कुठून तरी पत्र आलं. दोन मिनिटं मी इतकी खूश होते की काय सांगू. मग आईने तो कागद दाखवला.

 आईला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा आले. घाम पुसत होते पण चेहरा खुललेला. ते देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊन आले होते, क्षेमगढला कसं जायचं ते विचारायला. तिथे खाजगी बसचा एक एजंट भेटला.

"थेट गाडी नाही," बाबा म्हणाले. "नागद्याला बदलावी लागते. तो म्हणाला, गर्दी असते, सीट आधी धरून ठेवा."

मी म्हटलं, "बाबा, असं गावच नाही."

"अगं, एजंटाला माहीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले आणि बूट काढायला लागले. एक बूट काढायला त्यांना फार वेळ लागला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, मला परत दिला, आणि टायपिंग छान झालंय म्हणाले.

पाठककाकूंना मात्र त्यांनी कधी खरं सांगितलं नाही. पुढे वर्षभर त्या विचारायच्या की वैजू जाणार कधी. बाबा पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, "ऑर्डर आली आहे. जॉइनिंग बाकी आहे."

* * *

हा पुढचा मी फारसा सांगत नाही. पण आज निघालाच आहे.

त्या हिवाळ्यात शहरातलं वातावरण बिघडलं होतं. कुठे काही झालं नव्हतं, पण होईल असं सगळ्यांना वाटत होतं. शाळा कधी सुरू, कधी बंद. रस्त्यात कुणी जोरात धावलं की दुकानदार आधी शटरकडे बघायचे. आई मला रोज जाऊ नको म्हणायची आणि मी रोज जायची, कारण घरी बसून जास्त भीती वाटायची.

क्लासचे वापरलेले कागद खालचा एक कचोरीवाला पुड्या बांधायला न्यायचा. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही मशिनींवर होतो. सगळ्यात आधी सरांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. मग आम्हाला ऐकू आलं. टावर चौकाकडून एकामागून एक शटर पडत येत होती. लांबून बारीक, मग जवळ, मग आमच्या खालचं कापडाचं दुकान. खिडकीतून बघितलं तर बायका मुलांना ओढत नेत होत्या. कुणीतरी ओरडलं की चार वाजल्यापासून कर्फ्यू आहे.

रेखाचा भाऊ कॉलेजात होता. ती रडायला लागली. सरांनी आम्हाला मोजलं, दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि मागच्या गल्लीने काढलं. स्वतः ते सगळ्यांच्या शेवटी, रेखाला घरापर्यंत सोडून मग गेले. मी घरी पोचले तेव्हा बाबा दाराला आतून टेबल लावत होते. त्यांनी बाहेर जे ऐकलं होतं ते आईला सांगत होते. सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि आज सायंकाल चार बजे के पश्चात कोई भी व्यक्ति घर से बाहर न निकले.

मी तशीच उभी राहिले. ते वाक्य मी आदल्या दिवशी चार वेळा टाइप केलं होतं. क्षेमगढच्या नदीची उलटी वाहण्याची तारीख होती, आणि त्या दिवशी लोकांनी घरात राहावं असा दर वर्षीचा आदेश. कचोरीच्या तेलाने खालचा अर्धा कागद काळा झाला असणार. नदीचं कुणी वाचलंच नव्हतं.

 चार वाजले, पाच वाजले, काही झालं नाही. तरी मला वाटत होतं की आता काही झालं तर ते माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासवर एक हवालदार आले. मी आणि सर दोघंच होतो. त्यांच्या हातात तो तेलकट कागद होता, कोपऱ्यात आमचा जांभळा शिक्का. अनेक दिवस झोप न मिळालेल्या माणसाचे असतात तसे त्यांचे डोळे होते. सर उभे राहिले. 

हवालदारांनी कागद उजेडात धरून शेवटपर्यंत वाचून घेतला होता. नदी, नावघाट, रिकामी गादी, सगळं. त्यांनी विचारलं, "ये क्षेमगढ़ किस थाने में लगता है?"

सर म्हणाले, "साहब, वहाँ थाना नहीं है।"

"तो दंगा हो जाए तो कौन रोकता है?"

सरांनी खरंच आठवून बघितलं. मग म्हणाले, "अब तक हुआ नहीं।"

 हवालदारांनी पाणी मागितलं, बाकावर बसून हळूहळू प्यायले. गेले तेव्हा तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. आम्हाला परत दिला नाही.

* * *

कॉम्प्युटरचा किस्सा छोटा आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये काचेच्या दाराचं एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं आणि आमच्या बारा मशिनींपैकी सात रिकाम्या राहायला लागल्या. तोपर्यंत मी सरांची असिस्टंट झाले होते. सर वरवर शांत होते, पण सकाळचं पत्र उशिरा यायला लागलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या की रात्री उठून बसतात.

एक दिवस सर मला घेऊन त्या सेंटरमध्ये गेले आणि सरळ नाव लिहून आले. साठीच्या पुढचा माणूस सतरा-अठराच्या पोरांमध्ये बसला. टाइपरायटरच्या सवयीने ते इतक्या जोरात बटणं दाबायचे की तिथल्या मॅडम दर पाच मिनिटांनी येऊन सांगायच्या, अंकल, धीरे. महिन्याभराने त्यांना हिंदी टाइप करायला मिळालं. त्यांनी क्षेमगढचा सबंध इतिहास बसून टाइप केला. राणी, कमानी, सातही मोहल्ले. मॅडमनी तो सेव्ह करून दिला. सर त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिथे तो हिंदीचा फॉन्ट नव्हता. फाइल उघडली तर पडद्यावर कंस, इंग्रजी अक्षरं आणि बाणांची टोकं, वरपासून खालपर्यंत. एक शब्द लागत नव्हता.

मॅडम समजावत होत्या की काही गेलेलं नाही, सगळं आत आहे, फक्त दिसत नाहीये. सर पडद्याजवळ वाकून बघत राहिले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आतले लोक बरे आहेत ना?"

* * *

शेवटचा घडला कॉम्प्युटरच्या आधी. पण तो मी नेहमी शेवटीच सांगते, कारण तो सांगून झाला की मला दुसरं काही सांगता येत नाही.

कैलाश आमच्यात वयाने सगळ्यात मोठा. एका मुलीचा बाप. तासाभराच्या अंतरावरच्या खेड्यातून बसने यायचा. टाइप केलेले कागद तो घरी न्यायचा आणि मुलीच्या वह्यांना कव्हर घालायचा. त्या सुमाराला सरांनी क्षेमगढला एक नवीन खातं काढलं होतं, पक्षी विभाग. कुठल्या मोहल्ल्यात कुठल्या पक्ष्यांनी राहावं, याचे आदेश त्या विभागातून निघायचे.

कैलाशच्या गावात पहिल्यांदाच बाई सरपंच झाली होती. गेंदाबाई. अंगठा उठवायची, पण काम अंगावर घेतलं की सोडायची नाही. गावात जामच्या, म्हणजे पेरूच्या बागा, आणि त्या वर्षी पोपटांनी धाड घातली होती. एकही फळ सबंध राहत नव्हतं. गेंदाबाई सगळ्या दफ्तरांत अर्ज देऊन थकली. मग तिने कैलाशच्या मुलीच्या वहीचं कव्हर पाहिलं आणि ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं.

आमच्याकडे पोस्टाने अर्ज आला. पत्ता होता, श्रीमान सचिव महोदय, पक्षी विभाग, क्षेमगढ़, मार्फत डबीर टायपिंग, फ्रीगंज. खाली अंगठा आणि पंचायतीचा शिक्का.

सर वाचून पांढरे पडले. त्यांनी कैलाशला सांगितलं की आजच्या आज घरी जा आणि बाईंना समजावून सांग, असा विभाग नाही, हे आम्ही सरावासाठी लिहितो. कैलाश दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला. गेंदाबाई म्हणाली होती, सगळी दफ्तरं हेच सांगतात की हे काम आमचं नाही.

तीन दिवस तो अर्ज सरांच्या टेबलावर होता. सर जेवायला घरी जाईनात. अर्ज आला की उत्तर द्यावं लागतं, असं ते आम्हाला रोज शिकवायचे, आणि आता त्यांना स्वतःलाच ते उत्तर सुचत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बसवलं आणि आदेश सांगितला. 'तोते' हा शब्द त्यांना दफ्तरात बरा वाटला नाही, म्हणून शुद्ध हिंदीत 'शुक पक्षी' म्हणाले. ग्राम की सीमा में स्थित समस्त शुक पक्षी आदेश प्राप्ति के सात दिवस के भीतर उक्त स्थान रिक्त करें. मी घाईघाईने टाइप करत होते, की हे लवकर संपावं. शिक्का मारून पोस्टात टाकलं, कार्बनची प्रत सरांनी आपल्या पिशवीत ठेवली.

आणि खरी काळजी तिथून सुरू झाली. सरांच्या मनात आलं की ती बिचारी माणसं आदेशावर भरवसा ठेवून बागा राखायच्या सोडतील. असेल नसेल ते पीक जाईल, आणि ते आपल्या खोट्या कागदामुळे. त्यातच कैलाश यायचा बंद झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सर रोज जिन्याकडे बघत बसायचे. एका सकाळी म्हणाले, वैजयंती, मला जाऊन माफी मागायला हवी. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मी निघाले.

श्राद्धपक्ष लागला होता. रामघाटावर तर्पण करून परतणाऱ्या माणसांनी बस भरली होती, ओली धोतरं खिडक्यांना बांधलेली.  सर वाटभर काय बोलायचं ते मनात घोकत असावेत.

गावात शिरताना मला काहीतरी कमी वाटत होतं, पण काय ते कळेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जामची झाडं होती. फळं पिवळी झालेली, सबंध, एकालाही चोच लागलेली नाही. सर थांबले. एक फांदी खाली ओढून त्यांनी फळं उलटी-सुलटी करून पाहिली, आणि सोडून दिली. मग चष्मा पुसला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

पंचायतीच्या ओट्यावर गेंदाबाई बसली होती, डोक्यावर पदर, बाजूला कैलाश उभा. आम्हाला पाहून कैलाशने मान खाली घातली. सरांनी हात जोडले आणि पाठ केलेलं सुरू केलं, "बाई, वो जो आदेश था..."

गेंदाबाईने हात वर करून त्यांना थांबवलं. रागात नव्हती, पण थकलेली दिसत होती. तिने समोरच्या घरांच्या छपरांकडे बोट केलं. प्रत्येक छपरावर पानं मांडलेली होती. पुरी, खीर, भात. काही सकाळची, काही कालची, वाळून गेलेली. कशालाही कुणी तोंड लावलं नव्हतं.

"तोता तो गया, साब," ती म्हणाली. "पण कागला बी चल्या गया. सराध चाली रिया है. पुरखा भूखा बैठ्या है. कागला पाछा भेजो."

कावळ्यांचं ऐकून सरांनी पिशवीतून कार्बनची प्रत काढली. ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी बोट तिथेच ठेवून कागद माझ्यापुढे धरला.

'समस्त'च्या पुढे मी 'शुक' टाइप करायला विसरले होते.